न उडालेला बार

आमच्या घरात कुस्तीचा विषय काढायचा नाही, असा एक न सांगितलेला नियम होता. टीव्हीवर कुस्ती लागली की वहिनी मुकाट्यानं उठून दुसरं काहीतरी लावायची आणि माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, खिडकीबाहेर बघत बसायचा. नातवंडांची समजूत अशी की आजोबांना कुस्ती आवडत नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं, पण बोलायची चोरी होती. आता दादा गेला. मामा तर कधीच गेला. आणि ज्याच्यासाठी आम्ही सगळे तोंड शिवून बसलो, तो माणूस कुठल्या मातीत मिसळला देव जाणे. शपथ मामानं घेतली होती, मी घेतली नव्हती. म्हणून लिहिते.

इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. वडिलांना दापोडीच्या एका वर्कशॉपात काम मिळालं आणि आम्ही साताऱ्याकडचं गाव सोडून दिघीच्या माळाखालच्या एका खेड्यात बिऱ्हाड केलं. खेड्याचं नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात, आणि ती तेव्हाच्या माणसांपेक्षा शहाणी असावीत अशी माझी आशा आहे. घरात आई, वडील, दादा, मी आणि माझा चुलतभाऊ. चुलतभावाची आई तो लहान असतानाच गेली होती, म्हणून तो आमच्यातच वाढला. आम्ही दोघं एका वयाचे, एका ताटात जेवणारे आणि एकाच वेळी मार खाणारे. दादा आमच्याहून बराच मोठा. दिवसा वर्कशॉपात घण मारायचा आणि संध्याकाळी तालमीत घुमायचा.

त्या खेड्यात आम्ही गेलो ते मामामुळं. आईचा हा सख्खा भाऊ, बिनलग्नाचा, आमच्या आधीच तिथं येऊन राहिला होता. एके काळी तोही पैलवान होता आणि दादाला डाव त्यानंच शिकवले. पण पोट भरायचा ते माळावरचं पितळ वेचून. माळ लष्कराच्या ताब्यात होता. तिथं तोफांचा सराव चालायचा, तेव्हा टेकडीवर लाल बावटा चढायचा. बावटा उतरला की आजूबाजूच्या गावांतली माणसं हळूच वर जायची आणि गोळ्यांचे तुकडे, पितळेच्या नळ्या गोळा करून भंगारवाल्याला घालायची. एखादा गोळा न फुटताच मातीत रुतलेला असायचा. तसल्याच एकानं मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. तरी तो वर जायचाच. त्याचा एक जोडीदार होता, दोघं मिळून वेचायचे.

मामाला दोन नाद होते. एक कोडी घालण्याचा आणि दुसरा करपल्लवीचा. आजकालच्या मुलांना करपल्लवी म्हणजे काय ते सांगावं लागतं. ही हातांची भाषा. मामा ती एका गोंधळ्याकडून शिकला होता. बाराखडीतल्या अक्षरांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला हाताची एक खूण. मामाच्या पद्धतीत कमळ केलं की क-ख-ग, हात गोल फिरवला की च-छ-ज, धनुष्य ओढल्यासारखं केलं की ट-ठ-ड, कानातलं चाचपलं की श-ष-स. मग गटातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं. काना-मात्रा आम्ही गाळून टाकत असू, कोण एवढा खोळंबणार! मामा कोडं घालायचा आणि उत्तर हातांनीच द्यावं लागायचं, म्हणजे शेजारच्या पोरांना कळायला नको. दादा, चुलतभाऊ आणि मी, तिघांनाही ते चांगलं जमायचं. आई म्हणायची, "बोलायला जिभा दिल्यात देवानं, आन् ही मुक्यावानी हात नाचीवत्यात."

या विद्येच्या जोरावर मी आणि चुलतभाऊ स्वतःला सीआयडी समजत होतो. देवळातली समई कुणी पळवली, कुणाची कोंबडी कुणाच्या रश्श्यात गेली, असले तपास आम्ही लावले होते आणि ते खरे निघाले होते. वडील कामावरून आले की विचारायचे, "काय सीआयडी, आज कुनाला बेड्या?" आम्हाला त्यात चेष्टा दिसायची नाही. आम्ही खरोखरच बेड्या कुठं मिळतात याची चौकशी केली होती.

आमची त्या गावातली पहिली जत्रा जवळ आली. जत्रेत मोठा आखाडा भरायचा. देवळामागं एक बशीसारखी खोलगट जागा होती, मधे तांबडी माती आणि चहूबाजूंनी उतारावर माणसं. पार चिखली-आळंदीकडून लोक बैलगाड्या जुंपून यायचे. त्या वर्षी पंचांनी दवंडी पिटवली होती की शेवटची कुस्ती जो मारेल, त्याला गाव आपल्या खर्चानं पुण्याच्या मोठ्या तालमीत ठेवील, दूध-बदाम-खुराकासकट. ते ऐकल्यापासून दादाला झोप नव्हती. घण मारून मारून त्याच्या तळव्यांची कातडी जनावराच्या खुरासारखी झाली होती. तो आईला म्हणायचा, "आये, एकदा हितनं सुटलो का न्हाई, मग बघ." असं काही मागताना मी त्याला आयुष्यात फक्त तेव्हाच पाहिलं.

जत्रेच्या आधी एका संध्याकाळी मामा आमच्या ओसरीवर येऊन बसला. चेहरा उतरलेला. चहा पुढ्यात निवून गेला तरी त्यानं कपाला हात लावला नाही. मी म्हटलं, "मामा, कोडं घाल की." त्यानं आत आई आहे का पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पितळंचं लुगडं, लोखंडाचं पोट. मातीत झोपलंय. हाक मारशीला तर सारा गाव उठवील."

चुलतभावानं लगेच हातांनी 'घंटा' सांगितलं. मामानं मान हलवली. एरवी चुकलं की तो गालात हसायचा, चिडवायचा, आज नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "अजून दोन हायती." दुसरं कोडं असं, "पाच जनांचं घर. भिंती न्हाईत, छप्पर न्हाई. वरसातनं एक दीस नांदतं." आणि तिसरं, "घशात घास कोंबून बसली हाय. कुनाची पाठ मातीला लागल्याबिगर तोंड उघडत न्हाई. पर औंदा तोंड उघडलं, तर पाचांचं घर ऱ्हायचं न्हाई."

"उत्तर काय मामा?"

"त्ये तुमीच हुडका. मला सांगायचं न्हाई."

"का?"

मामानं ओठांवर बोट ठेवलं. "बेलभंडारा उचललाय. माज्या तोंडातनं जायाचं न्हाई." आणि उठून चालता झाला.

बेलभंडारा उचलणं म्हणजे काय, हे त्या वयातही आम्हाला ठाऊक होतं. खंडोबापुढं तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन दिलेला शब्द. कोर्टातली शपथ माणसं रोज मोडतात, ही कुणी मोडत नव्हतं. मोडली तर कुळाचं वाटोळं होतं, अशी मामाचीच काय, आईचीही ठाम समजूत होती. मामानं ती मोडली नाही. पण मामाचं मनही त्याला गप्प बसू देईना. त्यानं मधली वाट काढली ती ही. त्यानं सांगायचं नाही, आम्ही ओळखायचं. दोन पोरांच्या खांद्यावर त्यानं केवढं ओझं टाकलं, याचा त्यानं विचार केला होता की नाही, मला माहीत नाही. त्याच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं हेही खरं.

पहिलं कोडं चुलतभावानं सोडवलं. रात्री जेवता जेवता त्याचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं बघत ताटाच्या कडेवर बोटं नाचवली, 'गोळा'. पितळेचं लुगडं, लोखंडाचं पोट. माळावरचा न फुटलेला गोळा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तपासाला लागलो. मामाला शपथ घालणारं कोण असणार? जोडीदाराशिवाय कुणी नाही. आणि जोडीदाराबद्दल विचारल्यावर पाणवठ्यावरच्या बायका भडाभडा बोलल्या. मागच्या जत्रेत, आम्ही यायच्या आधी, त्याचा धाकटा भाऊ आखाड्यात उतरला होता. कोवळं पोरगं. समोरच्यानं त्याची मान अवघड पेचात धरली. पोरगं हात आपटत होतं, जोडीदार पंचांपुढं पदर पसरावा तसा उपरणं पसरून "सोडवा, सोडवा" म्हणत होता. पंच हसत होते. "कुस्ती हाय, लगीन न्हाई," असं त्यांतला एक म्हणाला म्हणे. मान मोडली. पोरगं तिथंच गेलं. पंचांनी खेळात व्हायचंच म्हणून हात झटकले आणि पुढची जोड लावली.

मला तेव्हा त्या माणसाची दया आली आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम वाटलं की काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पाच जणांचं घर म्हणजे पंचांचा माच, हे आम्हाला जत्रेच्या सकाळीच कळलं. वर्षातून एकदा, जत्रेपुरता, आखाड्याच्या कडेला फळ्या टाकून तो बांधायचे. पाच पंच त्याच्यावर पटके बांधून बसायचे. तो बांधताना पाहिला आणि आम्ही दोघंही एकदम पळत सुटलो.

आधी आईला सांगितलं. आई पुरणाच्या धांदलीत होती. तिनं सगळं ऐकलं, मग लाटणं खाली ठेवलं आणि चुलतभावाच्या मुस्काटात मारली. "मामाचं नाव त्या पाटलाच्या कानावर गेलं तर उद्या त्याला फासावर देतील. कळतंय का? कोडं हाय त्ये. कोड्यावानीच ऱ्हाऊ दे." मार त्याला बसला, रडायला मी लागले. वडील कामावर होते. जत्रेची सुट्टी गावाला होती, वर्कशॉपाला नव्हती. दादाला सांगावं तर तो सकाळपासून देवळात मौन धरून बसलेला. कुस्तीच्या दिवशी पैलवान बोलत नाही आणि बाईमाणसाला समोर येऊ देत नाही. मी दोनदा देवळाच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा मला हाकललं.

शेवटी चुलतभाऊ एकटाच पाटलाकडं गेला. पाटील हा गावचा पोलीसपाटील आणि पाच पंचांतला मुख्य. मामाचं नाव न घेता त्यानं सांगितलं, माचाखाली फुटणारं काहीतरी पुरलंय, बघा. पाटलानं माणसं घालून माचाखाली बघितलं. तिथं गावातली एक कुत्री व्यालेली होती. पिल्लं बाहेर काढली तेव्हा आखाड्यात हशा पिकला. "ह्योच का रं तुजा बाम?" पाटील म्हणाला, असं चुलतभावानं मागाहून सांगितलं. त्यानं चुलतभावाला कान धरून माचाच्या पायथ्याशी बसायला लावलं, शेवटच्या कुस्तीपर्यंत. जो येईल तो त्याच्या डोक्यावर टपली मारून जात होता.

हे सगळं मी लांबून बघत होते. कारण आखाड्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही. बाईची सावली पडली तर माती बाटते आणि पैलवान पडतात, असा कायदा. आम्हा बायका-पोरींसाठी समोरचं एक टेकाड होतं, तिथं गाड्या सोडलेल्या असायच्या. तिथून आखाडा ताटात वाढल्यासारखा दिसायचा आणि आवाज मात्र हलगीशिवाय कसला यायचा नाही. ज्या मातीवर माणसं एकमेकांच्या माना मोडत होती, ती माझ्या सावलीनं बाटणार होती!

दुपार कलली. छोट्या कुस्त्या झाल्या. माचाखाली काही नव्हतं, मग आमचंच चुकलं असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई शेंगा सोलत बसली होती. मी तिला विचारलं, "आजी, माचाच्या बाजूला त्यो मानूस लोखंडाचं काय घिऊन बसलाय?"

"ती उखळी की गं. तुमच्याकडं न्हाई उडवत? दारू ठासून भरत्यात तिच्यात. शेवटची कुस्ती झाली का बार काढत्यात. दिघीपतूर ऐकू जातो."

"दरसाल?"

"न्हाई बा. निकाल लागला तर. कुनाची पाठ लागली, तरच बार. बरोबरीत सुटली तर कसला बार? मागल्या साली पोरगं मेलं, तवाबी दुसऱ्याकडनं काढून घेतला, मेल्यांनी."

घशात घास कोंबून बसली हाय. कुनाची पाठ मातीला लागल्याबिगर तोंड उघडत न्हाई.

उखळीजवळ हातात लांब काठी, काठीच्या टोकाला चिंध्यांचा काकडा घेऊन बसलेला माणूस मामाचा जोडीदार होता. उखळी ठासायचं काम दरवर्षी त्याचंच. गोळा माचाखाली नव्हता, उखळी ज्या खड्ड्यात बसवली होती त्याच्या तळाशी असणार. गोळा फुटला तर सगळ्यात आधी तोच जाणार होता, पण त्याच्या चेहऱ्यावर त्याचं काही दिसत नव्हतं. माचावर पाच पंच. माचाच्या पायथ्याशी कान धरून माझा चुलतभाऊ. मागं उतारावर दाटीनं बसलेले लोक. त्या लोकांच्या पुढं मामा, डोकं गुडघ्यांत घालून. आणि तेवढ्यात पंचांनी शेवटची जोड लावली. आखाड्यात जोड आधी ठरत नाही, तिथल्या तिथं अंगलट बघून लावतात. चिखलीच्या एका नावाजलेल्या पैलवानाचा हात वर धरून त्यांनी त्याला आखाडाभर फिरवलं. त्याच्याशी भिडायला कुणी पुढं येईना. मग एक जण पुढं आला. माझा दादा.

मी टेकाडावरून खाली धावले. कडेला दोन बाप्ये उभे होते, त्यांनी दंडाला धरून मला परत ढकललं. "आत माझा भाऊ हाय, तिथं गोळा हाय," मी ओरडले. ते म्हणाले, "असू दे गोळा, तू जा वर." त्यांना वाटलं, पोरगी कुस्ती बघायला हट्ट करतीय. आईकडं गेले, तर आई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. मी तिला गदागदा हलवलं, उखळीचं सांगितलं. तिनं डोळे उघडले आणि आखाड्याकडं पाहिलं. ती खाली जाऊ शकत नव्हती, मी जाऊ शकत नव्हते. आम्ही दोघी तिथं उभ्या होतो आणि आमचे दोन जीव तिकडं होते.

दादा छान लढत होता. मला वाटत होतं त्यानं वाईट लढावं, आणि तो आयुष्यातली सगळ्यात चांगली कुस्ती करत होता. तो हरला तरी बार उडणार होता, जिंकला तरी उडणार होता. वाचायचं असेल तर एकच गोष्ट व्हायला हवी होती, ती म्हणजे काहीच न होणं.

मी एका सोडलेल्या गाडीवर चढले, तिच्या फळ्यांवर उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. कानातलं चाचपलं, तीन बोटं दाखवली. धनुष्य ओढलं, तीन बोटं दाखवली. सोड. पुन्हा कान, तीन बोटं, धनुष्य, तीन बोटं. सोड. सोड. सोड.

कुणी बघेना. मी केस सुटेपर्यंत हात फेकत राहिले. मग मागून एक बाई किंचाळली, "अगं बया, पोरीच्या अंगात आलं!" आणि झालं. सगळं टेकाड माझ्याभोवती गोळा झालं. "बान मारतीया बगा, देवीच हाय." कुणी माझ्या कपाळावर मूठभर कुंकू थापलं, ते डोळ्यांत गेलं. कुणी पायावर डोकं ठेवलं. एकीनं विचारलं, "आई, माज्या लेकीला पोर हुईल का?" माझ्या हाताला धरून त्या मला शांत करू बघत होत्या आणि मी हात सोडवून घेऊन पुन्हा धनुष्य ओढत होते. मी ओरडून सांगत होते की अंगात काही आलेलं नाही, तर त्या आणखीच हात जोडत होत्या. इतकं खरं मी कधी बोलले नसेन आणि इतकं कुणी कधी मला खोटं ठरवलं नसेल.

पण बायकांनी एक काम केलं. त्या सगळ्या मिळून इतक्या मोठ्यानं ओरडल्या की खालच्या पुरुषांनी माना वळवल्या. मामानंही वळवली. त्यानं मला पाहिलं, खूण वाचली आणि उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. चुलतभावानं पाहिलं, त्यानं धरलेले कान सोडले. आणि दादानंही पाहिलं. त्यानं त्या क्षणी चिखलीच्या पैलवानाला उचलून खाली आणलं होतं. त्याचा एक खांदा मातीला लागला होता, दुसरा लागायला श्वासाचा अवकाश होता. दादाचं तोंड टेकाडाकडं होतं. लोक उभे राहिले होते. जोडीदारानं काकडा पेटवला होता.

दादानं सोडलं.

का सोडायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. धाकट्या बहिणीनं हातांनी सांगितलं, एवढंच. पैलवान त्याच्या हातातून सुटून उठला. त्यानंतर कितीतरी वेळ दादानं नुसती टाळाटाळ केली, धरायचं आणि सोडायचं, धरायचं आणि सोडायचं. लोक आधी गप्प झाले, मग शिव्या देऊ लागले, मग ढेकळं फेकू लागले. शेवटी पंचांनी वैतागून दोघांना वेगळं केलं आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. कुणाचाही हात वर झाला नाही. "इकला गेला! इकला गेला!" एवढं एकच वाक्य टेकाडापर्यंत स्पष्ट आलं. दादा अंगावर ढेकळं झेलत तालमीकडं गेला आणि आखाड्यातून बाहेर पडताना मातीच्या पाया पडायलाही थांबला नाही.

बार उडाला नाही. जोडीदार पेटलेला काकडा हातात धरून तसाच बसून होता. मामा उठून त्याच्याजवळ गेला, त्याच्या हातातून काठी घेतली आणि काकडा मातीत खुपसून विझवला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला. गर्दी पांगली तरी ते दोघं तिथंच होते. जोडीदार ओक्साबोक्शी रडत होता असं चुलतभाऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो गावात नव्हता आणि नंतर कधीच दिसला नाही.

आम्ही दोघं सकाळी उखळीची जागा बघायला गेलो. माती उकरून पुन्हा बुजवलेली होती. पण उखळीसाठी खड्डा दरवर्षीच काढतात, असं कुणीही म्हणालं असतं. आत काय होतं, काय नव्हतं, याचा एकही पुरावा आम्हा सीआयडींच्या हाती लागला नाही. त्यानंतर आम्ही कुठला तपास लावला नाही. मामाला विचारलं, तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

दादाला आम्ही सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "बरं केलंस." दुसऱ्या दिवशी त्यानं तालमीतला लंगोट आणून आईच्या हातात दिला. मामाला आणि त्या दुर्दैवी माणसाला फासावर चढवल्याशिवाय दादाला खरं सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगितल्याशिवाय विकला गेल्याचा डाग पुसता येत नव्हता. आम्ही वर्षाच्या आत गाव बदललं. डाग मात्र बरोबर आला. चाळीस वर्षं दादानं घण मारला. त्याच्या लग्नात चिखलीकडचा कुणीतरी एकजण दारू पिऊन ते बोललाच. दादा पंगतीत वाढत होता, वाढतच राहिला.

मला सगळ्यात जास्त छळलं ते हे. मी खात्रीनं सांगू शकत नव्हते. गोळा मी पाहिला नव्हता. तीन कोडी, एक म्हातारी आणि माझं डोकं, एवढ्यावर मी त्याचं आयुष्य काढून घेतलं होतं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो कधी रागावला नाही. पण कधीकधी जेवताना मधेच थांबायचा आणि माझ्याकडं बघायचा, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं.

मामा गेला तो पिंपरीत, आमच्याच घरात, अर्धांगानं. वाचा गेली होती. शेवटच्या दिवसांत दादाच त्याचं सगळं करायचा, दाढी, आंघोळ, भरवणं. एका दुपारी मी पेज घेऊन आत गेले, तर दादा खाटेशेजारी खाली बसलेला. तोही तोवर पन्नाशीला आलेला. त्यानं इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "मामा, येक सांग. होता का रं तिथं गोळा? का मी उगंच सोडला?"

मामा छताकडं बघत होता. मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसेल. मग त्याचा उजवा हात हलला, तीन बोटांचा. त्यानं चाचपडत दादाचं मनगट धरलं. धरवत नव्हतं, तरी धरलं. आणि ताकद लावून, थरथरत, तो हात वर उचलला. कुस्ती मारलेल्या पैलवानाचा पंच उचलतात, तसा. अगदी पूर्ण वर जाईना, पण जमेल तितका वर नेला आणि धरून ठेवला.

शपथ त्यानं तेव्हाही मोडली नाही. दादा मान खाली घालून रडत होता आणि हात मात्र खाली घेत नव्हता. पेज निवत होती, तरी मी दारातच उभी राहिले.